दाजींचा कान

बॉनेट उघडलं की दाजी हात पुढे करून एकच शब्द बोलायचे, "डिसमिस." गॅरेजात स्क्रू-ड्रायव्हरला डिसमिसच म्हणतात. दाजींचा डिसमिस चांगला दीड हात लांब, लाकडी मुठीचा. त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची, डावा पंजा मडगार्डवर ठेवायचा आणि डोळे मिटायचे. बाजूला मसाला कुटायचा डंख दणदणत असायचा, मिरचीच्या खाटाने अख्खी गल्ली शिंकत असायची. पण ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक उभे असतात तसे टॅक्सीवाले गप्प उभे. मग दाजी डोळे उघडायचे.

"तीन नंबरचो टॅपेट. कधीपासून कण्हता बिचारो, आणि तू रेडिओ मोठो करून गाडी चालवतंस!"

टॅक्सीवाला ओशाळायचा. टॅपेट तीन नंबरचाच निघायचा. लालबागच्या त्या गल्लीत दाजींच्या गॅरेजवर पाटी नव्हती. कुणालाही विचारा, "कानवाले दाजी?" की बोट दाखवायचे.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बाबा गिरणीत साचेखात्यात होते, गिरणी गेल्यावर वॉचमन झाले. माझं मेकॅनिकलच्या डिग्रीचं सर्टिफिकेट आईने फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलं आहे, देवाला ओवाळलं की उदबत्ती तिकडेही फिरते. तेव्हा माझं नाक जरा वर होतं, हे मी लपवत नाही. मला नोकरी लागली ती गाड्यांचे स्कॅनर विकणाऱ्या एका कंपनीत. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये वायर लावायची, की इंजिनचा कॉम्प्युटर आपली दुखणी कोडमध्ये सांगतो. ते यंत्र घेऊन मी गॅरेज-गॅरेज हिंडत होते. बहुतेक जण म्हणायचे, "मॅडम, साहेबांना पाठवा." दाजींनी मात्र स्टूल पुसून दिलं, चहा मागवला आणि समोर बसून माझं पाऊण तासाचं भाषण माझ्या तोंडावरून नजर न हलवता ऐकलं. शेवटी म्हणाले, "मशीन ठेव हयसर. आणि तूय रव."

"म्हणजे?"

"ह्या मशीन बोलता ता माका वाचून कोण दाखवतलो? उद्यापासून ये."

कंपनी पगार वेळेवर देत नव्हती, आणि गॅरेज आमच्या चाळीपासून चार मिनिटांवर. मी गेले. आईने शेजारणींना सांगितलं, "रिसर्चमध्ये आहे."

स्कॅनरचा पहिला दिवस मी विसरणार नाही. दाजी मालवणकडचे. कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू करायचं नाही. त्यांनी स्कॅनर एका टायरवर मांडला, हार घातला, नारळ ठेवला आणि हात जोडून खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! ह्या इंजिनेर चेडवान जा काय मशीन हाडल्यान हा, तेका खरा बोलूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले टॅक्सीवाले ओरडले. त्यात उत्तर प्रदेशातले दोघे सगळ्यांत जोरात.

"आणि हेच्यामुळे माझी अब्रू जातली असात, तर ती वाटेतच अडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अब्रूचं काय मध्येच, असं मला वाटलं होतं. उत्तर तिसऱ्या आठवड्यात मिळालं. एका जुन्या टॅक्सीच्या इंजिनवर दाजी डिसमिस टेकवून, डोळे मिटून उभे होते. ड्रायव्हरला फोन आला म्हणून त्याने इंजिन बंद केलं आणि तो बोलत बोलत नाक्यापर्यंत गेला. दाजी तसेच, डावा पंजा मात्र मडगार्डवरून खाली आलेला. मान हलतेय, कपाळाला आठी. बंद इंजिन ते दोन मिनिटं ऐकत होते. मग डोळे न उघडताच म्हणाले, "हां... दोन नंबरचो प्लग मिस करता."

मी पाठीमागून हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग त्यांच्या मागे पत्र्याचा डबा आपटला. डंखवाला दचकून बाहेर आला, दाजी नाही.

प्लग खरोखरच दोन नंबरचा निघाला. ते त्या डाव्या पंजाचं काम होतं, इंजिन बंद व्हायच्या आधीच झालेलं. इंजिनचा हादरा तळहाताला कळायचा आणि बोलायचा मान कानाला मिळायचा.

दुपारी डबा खाताना मी त्यांच्या समोर बसून सरळ विचारलं, "दाजी, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

त्यांनी घास खाली ठेवला. "सहा वर्सा झाली. तोंड बघून कळता माका सगळा. जुन्या गाडयेचो हादरोव हाताक लागता. पण ह्यो नवीन गाडयो मेल्यो गुळगुळीत, हाताक काय लागणा नाय. म्हणून तुझा मशीन घेतलंय." मग इकडे-तिकडे बघून म्हणाले, "लोक कानासाठी येतत गो. कान गेलो ह्या कळला, तर ह्या शटर खाली इला समज. ती तुझी आई देव्हाऱ्याकडे फ्रेम लावता ना, तसो माझो ह्यो कान."

कुणाला कळू देणार नाही, असा मी शब्द दिला.

आणि आमचं नाटक सुरू झालं. गाडी आली की मी आत बसून स्कॅनर लावायची. दाजी बाहेर डिसमिस लावून उभे. कोड वाचला की मी खुणा करायची. सेन्सर असेल तर पेन कानावर ठेवायचं. इंजेक्टर असेल तर ओढणी कमरेला खोचायची. वायरिंग असेल तर वेणी पुढे घ्यायची. दाजी डोळ्यांच्या फटीतून बघायचे आणि गंभीरपणे जाहीर करायचे, "सेन्सर. कुजबुजता तो." लोक माना डोलवायचे. "नव्या गाड्यासुद्धा कळतात हो दाजींना! मशीन काय, शोभेला आहे." मी चार वर्षं घासून डिग्री घेतलेली, आणि मला शोभेची वस्तू सांभाळणारी समजायचे. पण शब्द दिला होता.

मे महिन्यात एकदा उकाडा असह्य झाला म्हणून मी वेणी पुढे घेतली. मग नाक्यावर सरबत पिऊन परत येऊन बघते तर दाजींनी एका भल्या माणसाच्या नव्या गाडीचा अर्धा डॅशबोर्ड उतरवून वायरी बाहेर काढलेल्या. त्याचा फक्त एअर फिल्टर तुंबला होता. सगळं परत बसवायला संध्याकाळ झाली. दाजी चार दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. "घामान पुढे घेतलंस, तर तसा सांगूचा ना! खोकूचा तरी!"

"खोकले तर तुम्हाला ऐकू येणार आहे का?" मी म्हटलं. त्यावर मात्र ते हसले.

हे असं दीड वर्ष चाललं असेल. मग हौसाबाय आली.

हौसाबाय वरळी कोळीवाड्याची. धक्क्यावरून म्हावरं उचलायचं आणि स्वतःच्या टेम्पोने दादरच्या बाजारात पोचवायचं, टेम्पो स्वतः चालवायची. कानात सोनं, पायात गमबूट आणि आवाज असा की हॉर्नची गरज नाही. तिचा टेम्पो चालता चालता बंद पडायला लागला. स्कॅनरने एका सेन्सरचा कोड दाखवला, मी पेन कानावर ठेवलं, दाजी म्हणाले "सेन्सर". बदलला. चार दिवसांनी परत. आता दुसऱ्या सेन्सरचा कोड. पेन कानावर. तोही बदलला. माझ्या मनात शंका नव्हती. स्क्रीनवर लिहून आलेलं खोटं कसं असेल, मी तर पुस्तकंच वाचून इथवर आले होते.

तिसऱ्या वेळी टेम्पो दुसऱ्या टेम्पोला दोर बांधून ओढत आणला. सकाळची वेळ, गल्ली भरलेली, मागे बर्फातल्या सुरमईच्या क्रेटमधून पाणी ठिबकतंय. हौसाबाय उतरली ती कमरेवर हात ठेवूनच. मी आत बसून कोड वाचतेय तोवर तिने तोंड सोडलं.

"दाजी! तीन वेळा आली मी. माजं म्हावरं उन्हात नासतंय, बाजारात माजी जागा दुसरीनं धरली. आता सगल्यांसमोर सांगते, तुजा कान खोटा झाला!"

अख्ख्या गल्लीने ते ऐकलं. डंखसुद्धा नेमका तेव्हाच थांबलेला. दाजींनी तिचे ओठ वाचले. मी त्यांचा चेहरा बघितला. माणूस एका क्षणात दहा वर्षांनी म्हातारा झालेला दिसतो, तसे दिसले. तरी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. खाली बघत म्हणाले, "चुकला माझा."

चुकलं त्यांचं नव्हतंच! डिग्रीवाल्या माणसाला स्वतःची चूक चारचौघांत सांगायला किती जड जातं, ते मला त्या दिवशी कळलं. मी टेम्पोतून उतरले. "हौसाबाय, दाजींचं नाही चुकलं. दोन्ही वेळा मी सांगितलं होतं. मशीन बघून."

दाजींनी मान वर केली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी लोकांसमोर उघड विचारलं, "मशीन आज काय सांगता?"

"चार कोड आहेत. चार वेगवेगळे सेन्सर."

"चार जणा एकदम मरणत नाय गो," दाजी म्हणाले. "चारय बोंब मारतत म्हणजे चौघांका एकच कोणतरी पिडता. मशीन तक्रार कोणाची ती सांगता. गुन्हेगार आपण शोधूचो."

आणि ते टेम्पोखाली घुसले. फक्त पाय दिसत होते. मग एक हात बाहेर आला. बोटं हिरवट. आमच्या डोळ्यांदेखत दाजी सरपटत बाहेर आले, ते बोट जिभेला लावलं आणि थू करून थुंकले.

"खारट!"

मागच्या फळीला भोक पडलं होतं. क्रेटमधलं खारट पाणी त्यातून थेंब थेंब इंजिनच्या अर्थिंगच्या वायरवर पडत होतं. वायर आतून कुजून हिरवी झाली होती. तिच्यात दम नाही म्हणून कधी हा सेन्सर रडायचा, कधी तो. आणि मी रडणाऱ्यालाच बदलत बसले होते. ही गोष्ट माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हती, कारण पुस्तक लिहिणाऱ्याच्या गाडीत सुरमई नव्हती.

नवी वायर टाकली, बोल्ट घासून कसला, फळीचं भोक पत्रा मारून बुजवलं. हौसाबायने चावी फिरवली. टेम्पो पहिल्या झटक्यात सुरू. मी स्कॅनर लावून जुने कोड पुसले, परत तपासलं. एकही नाही.

हौसाबाय खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "काय रं दाजी, जे कानाला नाय कललं ते जिभेला कसं कललं?"

दाजींनी हातातला डिसमिस बॉनेटवर ठेवला. माझ्याकडे एकदा बघितलं. म्हणाले, "कान खय हा माका? कधीच गेलो तो. सात-आठ वर्सा झाली. ह्या चेडवान सांगायचा आणि मी बोलायचा. आता जावा खय जावचा ता."

हौसाबाय फिसकन हसली.

"मेल्या, ते आमाला ठाव हाय!"

दाजी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. एक टॅक्सीवाला पुढे झाला, त्यांच्या बरोबर समोर उभा राहून, तोंड नीट उघडून म्हणाला, "दाजी, आम्ही सगळे तुमच्या तोंडासमोर येऊनच का बोलतो मग? पाठीमागून हाक मारून मारून दमलो, तेव्हापासून."

"आणि मॅडमची वेणी पुढे आली," डंखवाला दारातून ओरडला, "की वायरिंगचं काम आहे हे आम्हाला दाजींच्या आधी कळायचं!"

आता तोंड लपवायची पाळी माझी होती. अख्ख्या गल्लीसमोर मी दीड वर्ष वेणीचे चाळे करत होते!

"मगे सांगलास नाय कसा?" दाजींचा आवाज चिरकला.

"तुला वाईट वाटलं असतं ना रं. आज रागात माज्या तोंडातून गेलं," हौसाबाय म्हणाली आणि गिअर टाकून निघून गेली. बाजाराची वेळ टळत होती.

त्या दिवसानंतर मी कोड मोठ्याने वाचायला लागले आणि दाजी, "बरा, आता गुन्हेगार शोधूया," म्हणत बाह्या सरसावायचे. गिऱ्हाईक एकही तुटलं नाही. त्यांच्या बायकोने, काकींनी, हट्टाने त्यांना कानाचं मशीन आणून दिलं. आठवडाभर त्यांनी ते लावलं आणि मग पान्यांच्या खोक्यात टाकून दिलं. "सगळा आयकाक येता गो," म्हणाले, "डंखय, आणि बायकोय. इतकी वर्सा काय सुखात होतंय!" डिसमिस मात्र ते शेवटपर्यंत कानाला लावत राहिले. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणाले, "डोळे मिटून उभा रवलंय की लोक गप ऱ्हवतत. मगे माका विचार करूक मिळता."

गॅरेज माझ्या हातात देऊन दाजी गावी गेले आणि गेल्या वर्षी तिथेच वारले. गॅरेजला अजून पाटी नाही. स्कॅनर नवा आहे, मोठ्या स्क्रीनचा. मी वायर लावते, कोड वाचते, गुन्हेगार शोधते. तरी जुनी गिऱ्हाइकं स्क्रीनकडे बघत नाहीत. भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवतात. "मॅडम, ते सगळं ठीक आहे. पण एकदा तो लावा ना."

मग मी डिसमिस काढते. टोक इंजिनवर, मूठ कानाला, डावा पंजा मडगार्डवर. खरं सांगायचं तर मला त्यातून घरघरीपलीकडे काही कळत नाही. पण गल्ली गप्प होते आणि विचार करायला मिळतो.

परवा अशीच डोळे मिटून उभी होते. कुणीतरी समोर येऊन, तोंड नीट उघडून, हळूच म्हणालं, "मॅडम, इंजिन मी केव्हाच बंद केलंय."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि अजून थोडा वेळ तशीच उभी राहिले.