मिस्त्रीचा हात आणि लेकीच्या गाडीचं चाक

...ते राहू दे गं, मी मिस्त्रीचं सांगत होते. आपल्या पलीकडचा, गाड्या दुरुस्त करणारा. माणूस लाखात एक, पण स्वतःच्याच हातानं पार छळलंय त्याला.

त्याची पद्धत काय, तर गाडी जॅकवर चढवायची, चाक वरखाली धरायचं, डोळे मिटायचे आणि हलवून बघायचं. आत बॉल जॉइंट असतो, चाकाला धरून ठेवणारा. तो झिजला की चाक डुगडुगतं. मागे एका मास्तरांचं चाक असंच जरासं हललं. मास्तर म्हणाले, "बदलू या का?" हा म्हणाला, "कशाला? पुष्कळ चालेल अजून." वळणावर चाक निखळलं आणि मास्तर गेले. कुणी याला बोल लावला नाही. मास्तरीणबाई तर अजून आपली गाडी याच्याकडेच आणतात. "बघा हं जरा," म्हणतात. तेच खातं बघ त्याला. तेव्हापासून याच्या हाताला सगळंच हलतं. कोरं चाक हलतं, दाराची कडी हलते, आडवा झाला की पलंग हलतो.

परवा त्याची लेक निघाली नोकरीवर रुजू व्हायला. डोंगराचा रस्ता, एकटी पोरगी. यानं तिच्या गाडीचं चाक धरलं, डोळे मिटले. हललं! की नाही हललं?

"बाबा, तुमच्या हाताला भिंतसुद्धा हलते," लेक म्हणाली. "मला उशीर होतोय."

"आपलं जपून असावं म्हणून जॉइंट बदलतो."

"मागच्या खेपेला जपून बदललात, तोच आहे हा!"

खोटं नव्हतं ते. तसाच ठेवावा तर मास्तर डोळ्यांपुढे उभे. बदलावा तर हात थरथरतोय, या हातानं आवळलेला नट सैल राहिला तर? त्यानं बायकोला हाक मारली.

"अगं, हे चाक धर."

"मी? माझे हात साबणाचे आहेत."

"पूस आणि धर. हलतंय का सांग."

तिनं धरलं. चाकाकडे कुठलं बघतेय, त्याच्या तोंडाकडे बघितलं. म्हणाली, "हलतंय हो. थोडंसं."

झालं! असा कामाला लागला की हात एकदाही कापला नाही. नवा जॉइंट बसला, लेक गेली. हा जुना घेऊन पायरीवर बसला, फिरवून फिरवून बघत. घडीत घट्ट लागायचा, घडीत सैल.

"तुझ्या हाताला खरंच हललं होतं?" त्यानं विचारलं.

"बदललाय ना आता? आत चला," ती म्हणाली.

संध्याकाळी फोन वाजला. हा जागचा उठेना. बायकोनं घेतला, बोलली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "पोचली हो, सुखरूप आहे." तर हा तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. चाकाचं जसं माझं मन राखायला बोलली, तसंच हेही बोलत असेल, असं घेतलंय त्यानं डोक्यात. जेवलासुद्धा नाही. लेकीचा फोन पुन्हा आला तरी हात लावायला धजत नाही.

म्हणून तू एवढं कर. तुझ्या आईचं त्याच्या लेकीशी बोलणं असतं ना? आईला सांग, तिला निरोप दे म्हणावं: नुसती आपल्या आईजवळ खुशाली सांगून फोन ठेवू नकोस, तो बापाच्या कानाला लावायला सांग आणि तुझ्या तोंडानं बोल.