नडगीवरचा उंचवटा

स्टोअरची जागा रिकामी झाली तेव्हा साहेबांनी बाईंना आत बोलावून घेतलं. "तुम्हीच मागितली होती. शुक्रवारपर्यंत हो म्हणा, म्हणजे मी पुढे पाठवतो."

मागितली होती हे खरंच. स्टोअरमध्ये एक खुर्ची, एक खिडकी आणि कपाटांत ओळीने लावलेले नट, पट्टे, मोजे. कुणी मागितलं की काढून द्यायचं. कुणाच्या पायाला हात लावायचा नाही.

बाई त्या रुग्णालयाच्या कारखान्यात कृत्रिम पाय बनवत. लग्नाच्या आधीपासून. कारखाना म्हणजे तळमजल्यावरची लांबट खोली. मध्ये पांढऱ्या धुळीने माखलेली टेबलं, कोपऱ्यात प्लॅस्टिक तापवायची भट्टी आणि भिंतीला लागून मांडणीवर उभे असलेले प्लास्टरचे पाय. नवीन माणूस आत आला की आधी त्या मांडणीकडे बघून दचकायचा. मग बाई म्हणायच्या, "घाबरू नका, ते चालत नाहीत."

हे त्या अलीकडे म्हणेनाशा झाल्या होत्या.

काम बिघडलं होतं असं नाही. हात बरोबर चालत. प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या उरलेल्या पायावर गुंडाळायच्या, वाळल्या की ते कवच काढायचं, त्यात प्लास्टर ओतायचं, तयार झालेला पांढरा पाय कानशीने घासायचा आणि त्यावर तापवलेलं प्लॅस्टिक बसवायचं. पूर्वी माणूस तिथेच, टेबलांमधल्या वाटेत, पहिली पावलं टाकायचा. कुणी रडायचं, कुणी भिंत धरून हसत सुटायचं. मग कामं वाढली आणि चालायचा सराव पलीकडच्या इमारतीत गेला. आता तयार पाय खिडकीतून बाहेर जायचा आणि दुसरा माणूस आत यायचा. तो पाय पुढे चालला की कोपऱ्यात पडून राहिला, हे बाईंना कळत नसे. हळूहळू त्यांनी विचारणंही सोडलं.

घरी नवरा स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. बाई चप्पल न काढताच उंबऱ्याजवळ बसल्या.

"अगं, तुला दुखतंय तरी काय?"

"काहीच दुखत नाही. तेच तर."

"मग घे ना ती खुर्ची. एवढा काय विचार करतेस?"

"घेणारच आहे."

"घेणारच आहेस तर चेहरा असा का, जप्ती आल्यासारखा?"

बाईंनी चप्पल काढली. त्यांना वाटे, आपल्यातलाच दम संपला. बाकीचे करतातच की.

बुधवारी सलूनवाले काका आले. साठीच्या आसपासचे, बोलके. अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेला. नवीन पाय बाईंनीच केला होता. पट्ट्याचं बक्कल सैल झालं एवढीच त्यांची तक्रार.

"पाय काढा काका, बघते."

"पाय कशाला? पट्टा तेवढा बघा की. वरूनच."

"वरून कसं बघू? काढा."

काकांनी उगाच खिसे चाचपले, चष्मा पुसला, मग तोंड दुसरीकडे करून पाय काढला. आतला मोजा नडगीपाशी चिकटला होता. बाईंनी तो पाणी लावून अलगद सोडवला. नडगीच्या टोकाशी, जिथे हाडावर फक्त कातडी असते, तिथे जखम होती. ताजी नव्हती. बरी होत होत पुन्हा फुटलेली.

"हे दुखत नव्हतं?"

"दुखत होतं की. वाटलं, नवीन पायाचं असंच असतं."

"मग सरावाच्या हॉलमध्ये सांगायचं ना! मला सांगायचं!"

काका थोडे ओशाळले. "त्या हॉलमध्ये सगळे भराभर चालत होते. मीही दात-ओठ खाऊन चाललो. आणि तुम्हाला… माप घेत होतात तेव्हा तुमचे डोळे मिटत होते बाई. म्हटलं, आपलं गाऱ्हाणं आणखी कुठे घालायचं. माझ्या खुर्चीतलं गिऱ्हाईकसुद्धा असंच करतं. दमून माझा हात जड झालाय हे त्याला बरोबर कळतं. मग वस्तरा लागला तरी हूं की चूं करत नाही. घाबरून असतं."

बाई उठल्या. मांडणीवरून काकांचा प्लास्टरचा पाय काढला आणि उजेडात धरला. नडगीवरून अंगठा फिरवला. वरपासून खालपर्यंत सरळ, गुळगुळीत, देखणा.

तिथे उंचवटा हवा होता. पोटरीचं मांस दाब सोसतं, म्हणून तिथलं प्लास्टर घासून कमी करतात. हाडाला दाब सोसत नाही, म्हणून तिथे वरून प्लास्टर चढवतात. मग त्यावर बसवलेल्या प्लॅस्टिकमध्ये तेवढी पोकळी राहते आणि हाड सुटं राहतं. बाईंनी तो थर चढवलाही होता. त्याची पुसट कडा अजून दिसत होती. दुसऱ्या दिवशी शेवटचा हात फिरवताना त्यांना तिथे काहीतरी ओबडधोबड वाटलं आणि कानशीने तो उंचवटा त्यांनीच साफ केला. कुठलीही शिकाऊ मुलगी इतकं सफाईदार घासू शकली नसती. त्या वेळी आपण कशाचा विचार करत होतो, हे त्यांना आठवेना. बहुधा कशाचाच नाही.

शेजारच्या टेबलावर सांधे जोडणारा होता. त्याला सगळे नटबोल्ट म्हणत. त्याने एका नजरेत ओळखलं आणि जवळ येऊन पुटपुटला, "भट्टीवर ढकला. प्लॅस्टिक आत खेचलं गेलं म्हणा. भट्टी काय बोलणार आहे?"

बाई काकांसमोर जाऊन बसल्या. "काका, तुमच्यात काही दोष नाही. चूक माझी आहे. इथे जागा ठेवायची होती, ती मी घासून टाकली."

काका हसून सोडून देतील असं त्यांना वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"म्हणजे दुखायला नको होतं?"

"नको होतं."

काकांनी त्या प्लास्टरच्या नडगीवरून बोट फिरवलं. "मी स्टूल आणलंय दुकानात. बसून केस कापतो. गिऱ्हाईकाच्या कानामागचं दिसत नाही नीट. बायकोला म्हटलं, पाय चांगला आहे गं, माझ्यातच दम नाही. दुकान विकायचं बोलून ठेवलंय मी एकाशी." ते बाईंकडे वळले. "तुम्ही आधी का नाही हो बघितलंत?"

बाईंनी जखम धुतली, पट्टी बांधली. दुकान एवढ्यात विकू नका, इतकंच त्या म्हणू शकल्या.

तशाच त्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी पेन उघडलं. "ठरलं ना?"

बाईंनी घडलं ते सांगितलं. साहेबांनी मान हलवली. "होतं असं. म्हणूनच म्हणतो, स्टोअरला जा. तुम्हाला विश्रांती हवी आहे."

"हवी आहे," बाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. स्टोअरची खुर्ची अगदी हाताशी होती. हो म्हटलं की झालं. "पण साहेब, स्टोअरमध्ये गेले तरी हे असंच चालणार. माझ्या जागी जी येईल तीही वर्षा-दोन वर्षांत डोळे मिटून घासायला लागेल. पाय दिल्यावर माणूस चालताना मला बघायचाय. इथेच, आमच्या खोलीत. आणि दिवसाला जेवढी माणसं येतात त्यातली थोडी कमी करा."

"आकडा खाली येईल. वर काय सांगू मी?"

"सांगा, बाई हळू झाल्या."

"आणि नाही जमलं तर?"

"मग स्टोअर. पण आधी मला रजा द्या. काकांची जखम भरेपर्यंत नवीन माप घेता येत नाही. तोवर मीही घरी बसते."

साहेबांनी पेन बंद केलं. "महिनाभर बघू. लेखी काही देत नाही."

रजेत बाई खूप झोपल्या. नवरा डबा भरून कामावर निघताना पांघरुणाकडे बघून म्हणायचा, "जिवंत आहेस ना? हात हलव." पांघरुणातून हात हलायचा. उत्साह वगैरे काही परत आला नाही. फक्त एका दुपारी त्यांना काकांचं स्टूल आठवलं आणि मग झोप लागली नाही.

त्या परत आल्या त्या दिवशी नटबोल्टने बातमी दिली. स्टोअरची जागा कुणाला तरी मिळाली होती. "गेली खुर्ची! आता मरा आमच्यासोबत." बाई हसल्या, पण आत कुठेतरी चुटपुट लागलीच.

काकांच्या जखमेवर गुलाबी कातडी आली होती. बाईंनी नवीन माप घेतलं. या वेळी नडगीवर चढवलेल्या थराला कानस लावली नाही. दिसायला तो पाय जरा ओबडधोबडच झाला.

टेबलं सरकवून वाट मोकळी केली. काका उभे राहिले, दोन पावलं टाकून थांबले आणि सवयीने म्हणाले, "छान आहे, छान आहे."

"काका."

"बरं, बाहेरच्या बाजूला थोडं टोचतंय."

बाईंनी पाय काढून घेतला, तेवढाच भाग तापवून बाहेर दाबला, गार केला, पुन्हा चढवला. दारात पुढचा माणूस ताटकळत होता. नटबोल्टने त्याला बाकावर बसवलं आणि घड्याळाकडे बघून सुस्कारा टाकला.

"आता?"

काका भिंतीपर्यंत गेले आणि वळून आले. "अजून टोचतंय बाई. रागावू नका."

"नाही रागावत," म्हणत बाई पुन्हा जमिनीवर बसल्या. "नेमकं कुठे, बोट ठेवा."