बस उन्हात, काकू सावलीत

बॅटरीला कान लावून ऐकणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय, आणि त्याच्यावर खेकसलोही आहे.

निमगाव केतकीत माझं बॅटरीचं दुकान आहे. तो माणूस म्हणजे तात्या, जवळच्याच कळस गावचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. दुकानात आले की चार्जिंगला लावलेल्या बॅटरीची बुचं काढायचे, गुडघ्यावर बसायचे आणि डोळे मिटून कान जवळ न्यायचे. बॅटरी भरत आली की आतलं पाणी बारीक उकळतं, त्याची चुरचुर ऐकायची असायची त्यांना.

"तात्या, ॲसिड हाय ते. कान जाईल."

"जाऊ द्या की. जन्मभर इंजिनाशेजारी बसलोय, त्यात राहिलंय काय?" मग मान हलवायचे. "न्हाय अजून. पोट भरलं की बोलती ती."

मीटर हातात दिला तर परत करायचे. "ह्यो नुसता आकडा सांगतुय."

तात्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्यांची छाती कामातून गेलेली. नाकात नळी, आणि ती नळी ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेली. मशीन विजेवर चालणारं, त्यामुळे काकूंचं फिरणं पलंगापासून भिंतीतल्या प्लगपर्यंत. तात्यांनी जन्मभर लोकांना फिरवलं आणि घरच्या माणसाला समुद्र दाखवायचा राहून गेला. काकू एकदा तसं बोलल्या, रागावून नाही, सहज. ते तात्यांना फार लागलं.

त्यांनी शाळेची एक जुनी मिनीबस घेतली. सीटा काढून आत पलंग, शेगडी, छोटी मोरी असं सगळं घर केलं. टपावर सोलरच्या प्लेटा चढवल्या. मशीन रात्रभर चालावं म्हणून पलंगाखाली चार मोठ्या बॅटऱ्या बसवल्या. त्या मीच दिल्या.

आणि तिथंच आमचं बिनसलं. ड्रायव्हरला एकच माहीत, गाडी पळाली की बॅटरी भरते. रोज सकाळी कळस ते निमगाव बस पळवायची, माझ्या दारात हॉर्न द्यायचा आणि सांगायचं, "फुल केल्या, शेठ."

"तात्या, ही इंजिन चालू करायला सेल मारायची बॅटरी न्हाय. हिला दिवसभर सावकाश जेवण लागतं. तुमी चार घास भरवून उठताय. अशी रोज अर्धपोटी ठेवली तर कायमची जाईल."

"गाडीतलं तुमी मला शिकवू नका."

"मग करा तुमच्या मनानं," मी म्हणालो. माझाही स्वभाव काही साखरेचा नाही. पण ते वाक्य मला अजून खुपतं. मी आणखी भांडायला हवं होतं.

सोलरवर भरल्या असत्या, पण बस उभी असायची कडुलिंबाखाली. काकू आता बसमधल्या पलंगावरच असायच्या, आणि त्यांना ऊन सोसायचं नाही. तेव्हा त्यांच्याबरोबर प्लेटांवरही दिवसभर सावली.

समुद्रावर जायच्या आधी तालीम म्हणून दोघं नरसिंहपूरला, नद्यांच्या संगमावर, एक मुक्काम करून यायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बस थेट माझ्या दारात आली, आणि थांबल्यावरही तात्या इंजिन बंद करीनात. पहाटे बॅटऱ्या बसल्या होत्या आणि मशीन शिट्टी द्यायला लागलं होतं. तिथून इथपर्यंत त्यांनी इंजिनावरच मशीन चालतं ठेवलं होतं. खिडकीतून काकू उलट मलाच समजावत होत्या, दोन शब्द बोलून दम घेत. "त्यास्नी बोलू नका... संगम बघितला की मी... समुद्र काय पळून जातुय व्हय?"

मशीन दुकानातल्या विजेवर लावलं आणि चारही बॅटऱ्या तपासल्या. दोन पार गेलेल्या. तात्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडून मीटर मागून घेतला आणि आकड्याकडे बघत बसले.

"माझ्यापायी झालं."

मी पाना घेऊन जुन्या बॅटऱ्यांच्या वायरी सोडवायला लागलो.

नवीला जुनीची जोडी लावून चालत नाही, म्हणून चारही नव्या बसवल्या. आठवड्याभरानं मी कळसला गेलो तर बस भर उन्हात उभी. तिच्या खिडकीतून एक लांबलचक नळी निघालेली, ती अंगण ओलांडून कडुलिंबाखालच्या खाटेपर्यंत. खाटेवर काकू. नळीवर कोंबड्यांनी पाय देऊ नये म्हणून तात्या काठी घेऊन बसलेले.

"आता जमलं बगा," काकू हसल्या. "बस उन्हात, मी सावलीत... आन हे राखणीला."

गुरुवारी निघायचं ठरलं. मंगळवारी काकूंना बारामतीला दवाखान्यात हलवावं लागलं. तिथून तात्यांचा फोन आला. "शेठ, बॅटऱ्यांकडं तेवढं बगा. ही आली की निघायचंय."

रोज दुकान उघडायच्या आधी मी कळसला जाऊन यायचो. प्लेटा पुसायच्या, बॅटरीतलं पाणी बघायचं. बॅटरीतलं मला सगळं कळतं. काकूंच्या छातीत काय चाललंय ते मला कळत नव्हतं, आणि माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. नवव्या दिवशी काकू गेल्या.

तेरावा झाल्यावर एका दुपारी मी तात्यांना भेटायला गेलो. ते बसमध्ये होते. पलंगाची फळी उचललेली, गुडघ्यावर बसून बॅटरीला कान लावलेला. चुरचुर मला दारातून ऐकू येत होती.

"शेठ, तुमी ऐका जरा. मला कळंना झालंय."

मी त्यांच्याशेजारी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा बॅटरीला कान लावला. भरली म्हणून सांगितलं तर ह्या माणसानं पुढं करायचं काय?

"थोडी राहिलीय, तात्या."

"मला बी तसंच वाटलं," ते म्हणाले. "असू द्या उन्हात."

पुढं त्यांची लेक त्यांना सोलापूरला घेऊन गेली. बस माझ्या दुकानामागं उभी आहे, सावली येणार नाही अशा जागी. महिन्यातून एकदा तात्यांचा फोन यायचा.

"भरली का?"

"थोडी राहिलीय."

"राहू द्या मग. घाई न्हाय."

या महिन्यात फोन आला नाही. आपण करावा, हे मला कळतंय. दोनदा नंबर काढला आणि फोन खाली ठेवला. तिकडून दुसऱ्याच कुणी उचलला, तर मी कुणाला सांगू, थोडी राहिलीय म्हणून?