बारमाही झऱ्याचा अर्ज

एका पर्यटनस्थळाला 'शाश्वत' असल्याचा मान मी मिळवून दिला, आणि अर्ज लिहीपर्यंत मी ते ठिकाण डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. यात लबाडी नव्हती, नोकरी होती. बडोद्याच्या ज्या कचेरीत मी कारकून होतो तिचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन अजून तिथूनच येतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाजारात रोज काहीतरी नवीन उतरत होतं. बाटलीतलं विकतचं पाणी आलं (आम्ही हसलो होतो, आता निमूट विकत घेतो), आणि कचेरीत नवे शब्द आले. त्यातलाच एक 'शाश्वत पर्यटन'. दिल्लीहून फॉर्म आला: गर्दी होऊनही जिथला निसर्ग शाबूत आहे, असं तुमच्या भागातलं एक ठिकाण सुचवा. आमच्या पटेलसाहेबांनी बोट ठेवलं ते बडोद्यापासून दीड तासावरच्या एका टेकडीवर. तिथे जुनं, लहानसं दगडी कुंड होतं, कुंडात झरा होता, आणि अलीकडे कुंडाच्या डोक्यावर तीन मजली रिसॉर्ट होतं.

"कदम, तमे लखी नाखो ने," अर्ज लिहायचं माझ्यावर ढकलत साहेब म्हणाले. "तमारा मराठी लोकोने लखवानुं बहु फावे."

फॉर्ममध्ये एक रकाना होता, पाण्याच्या स्रोताचा. कुंड मी पाहिलं नव्हतं, पण लहानपणापासून ऐकलं होतं. लग्नानंतर बाबा आईला घेऊन एकदाच कुठेतरी फिरायला गेले, ते या कुंडावर. गोमुखातून मनगटाएवढी धार पडत होती, बाबा आईच्या ओंजळीतून पाणी प्यायले होते. "आणि तेही भर वैशाखात," आई दर वेळी सांगायची. मी लिहून टाकलं: 'झरा बारमाही. वैशाखातही धार अखंड.' खाली आधार म्हणून 'स्थानिक ज्येष्ठांची साक्ष' असं जोडलं. ते स्थानिक ज्येष्ठ त्या वेळी पाणीगेटला आमच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते.

अर्ज पुढे सरकला. समिती तपासणीला येणार, तीही वैशाखात, असं पत्र आलं. साहेबांनी रिसॉर्टच्या मॅनेजरला फोन लावला आणि फोन ठेवून माझ्याकडे वळले.

"झरो त्रण वरसथी सुको छे, कदम."

तीन वर्षांपूर्वी रिसॉर्टनं दोन बोअर मारले आणि झऱ्यानं मान टाकली. मी विचारलं, "मग अर्ज मागे घ्यायचा?"

"अर्ज पाछो न जाय," साहेब म्हणाले. "पाणी आवे."

म्हणजे टँकर. आदेश मीच टाइप केला: 'गोड्या पाण्याचा एक टँकर, रविवारी सकाळी नऊच्या आत, कुंडावर.' टँकर कुणाचा, कुठून येणार, हे विचारलं नाही. ठेकेदाराचं काम ठेकेदारानं करावं, आपण नाक खुपसू नये, ही माझी शिस्त. शिस्तीनं माझं आयुष्यात कधी भलं केलेलं नाही.

दुसरा आदेश आमच्यासाठी होता. समितीला पर्यटक दिसायला हवेत, आणि ते शहाण्यासारखे वागणारे हवेत. सबब सगळ्या स्टाफनं कुटुंबासह, कापडी पिशव्या घेऊन हजर राहावं.

घरी सांगितलं तर माझी बायको सुनंदा म्हणाली, "रविवार म्हणजे गल्लीत टँकरचा वार. मी नसले तर पाणी कोण भरणार?" (राहतो पाणीगेटला, आणि उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार.)

"कोकिलाबेन भरून ठेवतील," मी म्हणालो. कोकिलाबेन म्हणजे समोरच्या घरातल्या.

आईचं तिसरंच. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि सोमवारी वर्षश्राद्ध होतं. "दिलीप, कुंडाचं तांब्याभर पाणी मिळालं तर ह्यांना तेच ठेवीन," ती म्हणाली. तिनं माळ्यावरून फिरकीचा तांब्या काढला, त्या सहलीला नेलेला, आणि चिंच लावून लख्ख घासला. गल्लीतल्या बायकांना पळीपळी तीर्थ देईन म्हणून सांगूनही आली. झरा आटलाय, हे मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कचेरीची गुप्तता वगैरे काही नाही, मी भित्रा होतो.

रविवारी पहाटे निघालेली कचेरीची बस घरोघरचे लोक गोळा करत दहाला पोहोचली. कुंडाच्या फाटकावर मोठी पाटी दिसली: 'प्लास्टिकमुक्त परिसर'. पाटीखालीच पाण्याच्या बाटल्या विकायचा काउंटर. पहारेकऱ्यानं नेमकं आईला अडवलं. "माजी, बहारनुं पाणी अंदर लई जवानी मनाई छे."

"अरे बाबा, रिकामा आहे." आईनं फिरकी उघडून तांब्या उलटा करून दाखवला.

"तो खाली वासण केम लाव्यां?" रिकामं भांडं कशाला, हा त्याचा प्रश्न.

"भरायला."

इथलं पाणी भरून न्यायला कुणी येतं, हे त्याच्या ऐकिवात नव्हतं. तेवढ्यात मॅनेजर धावत आला. पांढरं लुगडं, पितळी तांब्या, सत्तरीची म्हातारी! "माजीने आगळ राखो," तो म्हणाला आणि आईला सगळ्यांच्या पुढे उभं केलं. सुनंदाला प्रसाधनगृह दाखवायला मी रिसॉर्टच्या मागे गेलो, तर टेकडीची मागची बाजू वरपासून खालपर्यंत रिकाम्या बाटल्यांनी भरलेली. समितीच्या रस्त्यात ती बाजू येत नव्हती.

कुंड मात्र काठोकाठ भरलं होतं. आई पायऱ्या उतरली आणि तिचे डोळे भरून आले. समितीच्या प्रमुख बाई, खादीची साडी, हातात प्लास्टिकची बाटली, तिच्यापाशी वाकल्या. "अम्मा, आप पहले भी यहाँ आई हैं?"

"शादी के बाद आई थी," आई म्हणाली. "तब पानी वहाँ से गिरता था." तिनं गोमुखाकडे बोट केलं. गोमुख ठणठणीत कोरडं होतं. "अब तो वहाँ एक बूँद नहीं. फिर भी कुंड कैसा भरा है, देखो."

मी डोळे मिटले. बाई सहकाऱ्यांकडे वळल्या. "सुना आपने? झरना दिखता नहीं, फिर भी भरा है." सगळ्यांनी ते लिहून घेतलं.

आईनं तांब्या भरला. फोटो निघाला. मग तिनं ओंजळ भरून एक घोट घेतला आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. तांब्याची फिरकी घट्ट लावली आणि घरी येईपर्यंत तांब्या मांडीवरून खाली ठेवला नाही. मला वाटलं, बाबांची आठवण आली.

संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बादल्या, घागरी, तेलाचे डबे रांगेत उभे होते. सगळे रिकामे. कोकिलाबेन कमरेवर हात ठेवून उभ्या.

"टेन्कर आव्युं'तुं, दिलीपभाई. सवारे, तमे गया पछी, भरेलुं. हजी पाइप काढी नहोती, ने ड्रायवर कहे, सरकारी ओर्डर छे. पाछुं लई गयो."

"भरलेला टँकर परत नेला? कुणाची ऑर्डर?"

"कोई ऑफिसनो कागळ हतो. टाइप करेलो."

मी घरात शिरलो. मागोमाग आई आली. "घोट घेतला तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "आपल्या टँकरच्या नळीचा वास मला कळायचा नाही? चार उन्हाळे पितेय."

"मग तिथे बोलली का नाहीस?"

"बोलले की, गोमुखात थेंब नाही म्हणून. त्या बाई लिहून घेत होत्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांच्या श्राद्धाचं काय, असं मी चाचरत विचारलं. "ह्यांना मी नळाचं ठेवीन," आई म्हणाली. "थेंब थेंब भरेन, पण ते खरं असेल. हे गल्लीचं आहे. गल्लीला दे." तिनं तांब्या आणि पळी माझ्या हातात दिली.

त्या कुंडाला मान मिळाला. कचेरीत आईचा वाकून पाणी भरतानाचा फोटो लागला, 'अखंड धारेची साक्ष' असं खाली लिहून. मला प्रशस्तिपत्र मिळालं. अशी आणखी किती ठिकाणं किती कदमांनी शाश्वत केली असतील, याचा विचार मी करत नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मी दारोदार फिरलो. बायकांनी रिकाम्या बादल्या बाजूला सारून ओंजळी पुढे केल्या, पाणी आधी डोळ्यांना लावलं, मग प्यायल्या. "केटलुं मीठुं! कुंडना पाणीनी वात ज जुदी," कोकिलाबेन म्हणाल्या. त्यांना ते गोड लागलं होतं. गल्लीचा अख्खा टँकर मी पळवला होता, त्यातलं तांब्याभर पळीपळीनं परत करत होतो, आणि तीर्थ घेऊन आलेला म्हणून त्यांची सून माझ्या पाया पडली.