शैलाची दालचिनी

मंचरजवळच्या आमच्या कॉलेजात, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, काचेची भांडी जितकी फुटली तितके किस्से जमले. काचा झाडून टाकता आल्या, किस्से काही झाडले जात नाहीत. हे त्यातले शैलाच्या दालचिनीचे, नव्वदच्या दशकातले.

शैला आमच्या वर्गात, गाव कळंब. शाळेत असताना तिनं हट्टानं वडिलांना विहिरीच्या कडेला दालचिनीची झाडं लावायला लावली होती. आता त्यांची सावली टोमॅटोवर पडायला लागली. आप्पा म्हणाले, "सालीतनं तुजं ते तेल निघतंय का बघ. न्हाईतर झाडं तोडतो." म्हणून तिनं प्रोजेक्टच तो घेतला : तेल पाण्यात उकळून काढावं, वाफेवर काढावं की सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे पेट्रोलसारख्या द्रवात विरघळवून?

*

साल होस्टेलच्या गच्चीवर सुकत होती. मेसच्या मावशींनी त्यातली ओंजळभर रविवारच्या मटणात घातली. शैलानं दोन वाट्या रस्सा ओरपला, तेव्हा कुठं तिला वास ओळखू आला. रडवेली होऊन ती प्रोजेक्टच्या सरांकडे गेली.

सर शांतपणे म्हणाले, "म्हणजे पाण्यात उकळून झालं. तवंग किती होता?"

*

वाफेसाठी तिनं घरचा कुकर आणला. शिट्टी काढून तिथं नळी जोडली. दिवसभर वाफ थंड करून पाणी जमवलं, पण वर तेलाचा थेंब दिसेना. वरती तेल असेल तर दिसेल म्हणून आम्ही भांड्याची तोटी उघडून खालचं पाणी बेसिनमध्ये सोडत राहिलो.

सर आत आले. "बेसिनला एवढा सुगंध कसला?"

दालचिनीचं तेल पाण्याच्या खाली बसतं, हे आम्हाला तेव्हा कळलं! आम्ही कपाळाला हात लावला, शैला मात्र हसत सुटली. "निघतंय ना पण!"

*

पुन्हा वाफ काढून, या वेळी तळाचं तेल जपून घेतल्यावर कुकर घरी परत गेला. त्या दिवशी जेवताना आप्पांनी विचारलं, "आज वरणाला सणाचा वास का येतोय?" शैलाच्या आईनं नुसतं आणखी एक डाव वरण वाढलं.

*

सॉल्व्हंटनं माल सगळ्यात जास्त दिला. वर्गातल्या संदीपनं बाटली हुंगली आणि निकाल सांगितला, "एसटी डेपोत कुणीतरी खीर केलीय."

*

शेवटी वाफेचं तेल जिंकलं. थोडंच निघालं, पण वास अस्सल. बाटली घेऊन आम्ही शैलाबरोबर कळंबला गेलो. आप्पांनी बूच काढलं, वास घेतला, बूच लावलं. "एवढंसंच व्हय?" म्हणाले आणि बाटली खिशात टाकून बाहेर पडले. शैलाचे डोळे भरून आले. आम्हालाही फार वाईट वाटलं.

तेवढ्यात झाडं तोडायला सांगितलेला गडी कुऱ्हाड घेऊन दारात आला. मागोमाग आप्पाही आले. त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं, खिशातली बाटली त्याच्या नाकाखाली धरली आणि म्हणाले, "कुऱ्हाड ऱ्हाऊ दे आता. उद्या कुदळ घिऊन ये. बांधाच्या कडंनं खड्डं घ्यायचं हायेत."