मांजरचाचांनी उचललेला पाय

मांजरचाचा पाठीमागं येऊन उभे राहिले तरी पत्ता लागायचा नाही! खरंच सांगते. ऐंशी पार केलेला माणूस, पण पायाचा आवाज म्हणून नाही. अख्खं तेरखेडा त्यांना मांजरचाचाच म्हणायचं.

चाचा पोरवयापासून फटाक्याच्या कारखान्यात. तिथं जमिनीवर फटाक्याची दारू सांडलेली असायची, म्हणून उस्तादांचा एकच कायदा: पाय घासायचा नाही, उचलून टाकायचा. "घासला की आपण बी वर, छप्पर बी वर," चाचा सांगायचे. आम्ही पोरी चपला फरफटत निघालो की मागून आवाज, "उचल की बेटी! पाय हाय का खराटा?"

आणि आता ऐका, लई भारी गोष्ट! निजामाच्या राज्यात आमच्या गावात पगारी हुतूतूची टीम होती! पगारी!! कारखान्याच्या शेठनं काढलेली. दारू भरणारेच गडी निवडले, काम बंद, नुसतं खेळायचं. चाचांच्या अम्मीला पटेचना. "खेळायचा कुठं पगार असतो व्हय? कुणाचं काय उचललंस ते सांग," म्हणत ती थेट शेठच्या दारात विचारायला गेली!

चाचा चढाईला गेले की तोंडानं हुतूतू चालू, पण पाय कुठं पडतोय ते कुणाला कळायचं नाही. शिवून परत यायचे, तेव्हा समोरचा इकडंतिकडं बघत असायचा. एक हंगाम नुसता दंगा केला त्यांनी!

मग तुळजापूरच्या टीमशी सामना. शेठ म्हणाले, "जिंकलात तर टीम राहील. हरलात तर परत कारखान्यात." शेवटची चढाई चाचांची. दोघांना शिवून फिरले आणि तिघांनी कंबर धरली. मधली रेघ वीतभर पुढं, दम शाबूत. मातीतून नुसता पाय सरकवला असता तरी जिंकले होते.

"आन म्या उचलला गं!" चाचा कपाळावर हात मारायचे.

तोच पाय धरून त्यांनी चाचांना मागं ओढलं. दम सुटला. टीम संपली. दुसऱ्या दिवशी सगळे परत दारू भरत बसले.

"शिव्या दिल्या असतील ना तुम्हाला?" मी विचारलं.

"न्हाय. कोण कायबी बोललं न्हाय. त्यांनी बी उचललाच असता की."

चाचा गेले त्याच्या आदल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीला, माझी कबड्डीची मॅच होती. ते एसटीनं बघायला आले. शेवटची चढाई माझी, आणि काय सांगू, डिट्टो तसंच! तिघींनी धरलेली, रेघ वीतभर पुढं. तेवढ्यात बाहेरून जन्मात न ऐकलेली आरोळी, "घास! घास बेटी पाय!"

घासला! खर्रकन! जिंकलो!!

मी पळत त्यांच्याकडं गेले. चाचा मैदानातल्या त्या ओरखड्याकडं बघत होते. मग त्यांनी चप्पल काढली, काठी माझ्या हातात दिली आणि उजवा पाय मातीवरून हळूच पुढं घासला. एकदा. मग अजून एकदा, जोरात.

माझ्याकडं बघून पोरासारखं हसले. "बघ की! काय बी उडलं न्हाय."