लाखेचा वास

पोस्टात लेकीच्या पार्सलला सील मारायला कारकुनानं लाख वितळवली आणि तो करपट वास नाकात शिरला. बाहेर जीपवरचा भोंगा सांगत होता, आपले साहेब बिनविरोध निवडून आले. मी मात्र नंदुरबारच्या जुन्या कोषागारात जाऊन पोचलो.

तेव्हा साहेब कोषागार अधिकारी होते आणि मी रोखपाल. निवडणूक लढवायची म्हणून त्यांनी राजीनामा दिलेला. त्या शेवटच्या संध्याकाळी रनाळे गावची माणसं हार घेऊन अंगणात उभी होती. तिजोरीच्या खोलीला दोन कुलपं, एकाची चावी साहेबांकडे, दुसऱ्याची माझ्याकडे. एकानं आपली चावी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, हा तिथला नेम. मी भारावलो होतो. म्हणालो, "साहेब, आज दोन्ही तुम्हीच लावा."

ते क्षणभर थांबले. मग दोन्ही कुलपं त्यांनी सावकाश लावली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मेणबत्तीवर लाख धरून बसलेला शिपाई रशीदचाचा तेवढा हलला नाही. "तुन्ही चावी त्यासले काबर दिधी, भाऊ?" तो हळूच म्हणाला. "दोन कुलपं दोन माणसंसना करता शेतस."

मी हसलो होतो.

आज साहेब राज्याचे अर्थमंत्री आहेत. त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले कोरीटचे निवृत्त मास्तर परवा अर्ज मागे घ्यायला गेले, ते अजून घरी परतलेले नाहीत. गावात कुणी विचारतही नाही.

ती चावी साहेबांनी मागितली नव्हती.